नकाशावर नोटो सॅन्स: सहा महिन्यांच्या वापरानंतर

क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये छापील नकाशांसाठी नोटो सॅन्स हा फॉन्ट सहा महिने वापरून झालेलं मत: गावांच्या नावांना उत्तम, नद्यांना नको.

नकाशाच्या अक्षराची कसोटी जुनी आहे. नकाशाकार मर्केटरने १५४० मध्ये तिरप्या लॅटिन अक्षरांच्या लेखनावर पुस्तिका काढली आणि नकाशांवर तेच वळण वापरलं. नॅशनल जिऑग्राफिकसाठी चार्ल्स रिडिफर्डने १९३० च्या दशकात खास नकाशाची अक्षरं रेखाटली. पुस्तकाचे टाइप फोटोने लहान केले की अक्षरांच्या पोकळ्या बुजत आणि बारीक रेषा तुटत, ही त्यामागची अडचण.

पोकळ्यांच्या कसोटीला नोटो सॅन्स उतरतो. ६ पॉइंटला (सुमारे २.१ मिमी) रेग्युलर म्हणजे नेहमीच्या जाडीचा स्वच्छ वाचता येतो. बारीक रेषांचा लाइट मात्र टाळा, डोंगरछायेवर (उठाव दाखवणाऱ्या छटांवर) त्याच्या रेषा विरतात. दाटीच्या भागात आकार कमी करण्यापेक्षा कंडेन्स्ड म्हणजे अरुंद अक्षरांचा प्रकार घ्यावा, तो याच फॉन्टच्या कुटुंबात आहे.

बफर, म्हणजे नावाच्या अक्षरांभोवतीची रंगाची कड, क्यूजीआयएसमध्ये मूळचा १ मिमी असतो. ६-७ पॉइंटच्या नावाला तो फारच जाड, खालचे रस्ते आणि समोच्च रेषा खाऊन टाकतो. ०.४ मिमी पुरतो, आणि रंग पांढऱ्याऐवजी पार्श्वभूमीचाच ठेवला तर डाग दिसत नाहीत.

नद्यांचं दुखणं वेगळं. पाण्याची नावं तिरपी लिहिण्याचा संकेत आहे, पण लहान आकारात नोटो सॅन्सचं इटॅलिक (तिरपं रूप) सरळ अक्षरापासून पटकन वेगळं कळत नाही. तिथे नोटो सेरिफ या टोकांना छोट्या रेषा असलेल्या जोडीदार फॉन्टचं इटॅलिक निळ्या रंगात घेतल्यावर फरक लगेच दिसला. खरं तर ही जोडी पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी.

देवनागरीत हाही मार्ग बंद. नोटोच्या देवनागरीत इटॅलिक नाही आणि लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे शहर, गाव, नदी हा भेद फक्त जाडी, आकार आणि रंगावर पेलावा लागतो. शहराला बोल्ड ९, गावाला रेग्युलर ७, नदीला निळा मीडियम ७ एवढं ठेवलं की निभावतं. लॅटिनमध्ये समुद्राचं नाव अक्षरं विरळ करून पसरवतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते. वळणदार लेबलातही प्रत्येक अक्षर स्वतंत्र फिरतं आणि बाहेरच्या कडेला शिरोरेषेत फटी पडतात. म्हणून नदीच्या बऱ्यापैकी सरळ तुकड्यावर आडवं किंवा तिरकं सरळ लेबल द्यावं.

पीडीएफ काढताना मजकूर ‘पाथ’ म्हणजे अक्षरांच्या रेखाकृती म्हणूनच निर्यात करावा. मग छापखान्याच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं फुटत नाहीत. पण त्या फाइलमध्ये गावाचं नाव शोधता येत नाही, म्हणून शोधण्यासाठी दुसरी प्रत मजकुरासह काढून ठेवावी.