राख, स्लॅग, भाजलेली माती की डेब्रिस: मुंबईच्या काँक्रीटवर सहा महिने काम करायचं तर

एम.टेक.चा प्रबंध असो, नाहीतर नोकरीच्या पहिल्या वर्षात साहेबांनी ‘जरा ग्रीन मटेरियलचं बघ’ म्हणून गळ्यात घातलेलं काम असो, हातात सहा महिने असतात. मुंबईत काँक्रीटवर काम करायचं ठरवलं की समोर चार वाटा दिसतात: फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्राची राख), स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी, दळलेली), एलसी३ सिमेंट (भाजलेली माती आणि चुनखडी मिसळलेलं) आणि पाडकामाच्या डेब्रिसची खडी. ‘शाश्वत’ हे लेबल चौघांनाही लागतं. फरक आहे तो प्रश्नात, लागणाऱ्या उपकरणांत आणि सगळ्यात जास्त म्हणजे उत्तर यायला लागणाऱ्या दिवसांत.

आधी शहराचं बोलू. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे समुद्रकाठच्या हवेत उघडं असलेलं काँक्रीट ‘सिव्हिअर’ गटात येतं. तिथे आरसीसीसाठी (सळईच्या काँक्रीटसाठी) किमान एम३० ग्रेड (२८ दिवसांची ताकद ३० एमपीए), पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट लागतं. लाटांचे तुषार अंगावर येत असतील तर एम३५ आणि ३४० किलो. म्हणून अभ्यासाचं मिक्स एम२० किंवा एम२५ घेऊ नका. त्या निकालांचा इथे फारसा उपयोग नाही. वरळी सी-फेसची बाल्कनी आणि मुलुंडचा आडोशाचा जिना एकाच मिक्सचे असले तरी एकाच दुखण्याने मरत नाहीत. पहिलीला मिठातलं क्लोराइड खातं, दुसऱ्याला कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटमधला चुना संपून सळई गंजणं). आपण कोणत्या दुखण्यावर औषध शोधतोय हे आधी वहीत लिहून ठेवा.

तुलनेसाठी एकच चौकट धरू: एम३०, एकूण बाइंडर (सिमेंट अधिक पूरक) ३७० किलो, पाणी १५५ किलो, म्हणजे प्रमाण ०.४२. आकडे एका घनमीटरचे, किलोत. खडी-वाळू एसएसडी अवस्थेत (आतून भिजलेली, वरून कोरडी). ओपीसी म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट, क्लिंकर म्हणजे ते दळण्याआधी भट्टीतून निघणारे खडे.

| घटक | नुसतं ओपीसी | ३०% राख | ५०% स्लॅग | एलसी३ |
|---|---|---|---|---|
| ओपीसी | ३७० | २५९ | १८५ | – |
| पूरक किंवा एलसी३ | – | १११ | १८५ | ३७० |
| पाणी | १५५ | १५५ | १५५ | १५५ |
| बेसॉल्ट खडी, २० व १० मिमी | ११८० | ११८० | ११८० | ११८० |
| क्रश सँड | ८२५ | ७८५ | ८१० | ८०० |
| त्यातलं क्लिंकर, अंदाजे | ३५० | २४५ | १७५ | १८५ |

वाळूच्या ओळीकडे नीट बघा. राखेची विशिष्ट घनता २.२ च्या आसपास, ओपीसीची ३.१५. वजनाला वजन बदललं की १११ किलो राख जवळजवळ १५ लिटर जास्त जागा खाते. ती वाळूतून काढली नाही तर मिक्स १००० ऐवजी १०१५ लिटरचं होतं, आणि ३७० किलो बाइंडर धरलेलं असतं ते प्रत्यक्षात ३६५ च्या खाली उतरतं. मग राखेची ताकद कमी आली, असा निष्कर्ष निघतो. विद्यार्थी-प्रबंधांत ही चूक सापडेल. वरच्या तक्त्यात स्लॅग आणि एलसी३ दोन्हींना २.९ धरलंय, तुमच्या नमुन्याची घनता मोजून वाळू पुन्हा काढा.

कार्बनचा हिशेब सहसा क्लिंकरवरून लावा. एक टन क्लिंकर करताना चुनखडी फुटूनच अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधनाचा वेगळा. राख आणि स्लॅग यांच्या वाट्याला ती फोड नाही. एलसी३ मधली माती भाजावी लागते, पण ७०० ते ८५० अंशांवर, आणि तिच्यातून उडतं ते पाणी. क्लिंकरला १४५० अंश लागतात.

फ्लाय ॲश

मुंबईला राख डहाणूहून येते, नाशिकजवळच्या एकलहऱ्याहूनही. मिळायला सोपी, आरएमसीवाल्यांच्या (तयार काँक्रीट पुरवणाऱ्यांच्या) सायलोत असतेच. आणि म्हणूनच संशोधनाचा विषय म्हणून सगळ्यात चघळलेली. ‘३०% राखेचा ताकदीवर परिणाम’ हे शीर्षक आता नको. विषय अरुंद करा: क्युरिंग ३, ७ आणि १० दिवस केलं तर सळईवरच्या कव्हरच्या वरच्या २० मिमीमध्ये क्लोराइड किती शिरतं? हे विचारण्यासारखं आहे. आयएस ४५६ मिश्र बाइंडरला किमान १० दिवस ओलं ठेवायला सांगते, आणि साइटवर कॉलमला गोणपाट गुंडाळून पाणी मारणं तिसऱ्या-चौथ्या दिवशीच थंडावतं.

नमुना घेताना दोन गोष्टी तपासा. आयएस ३८१२ भाग १ प्रमाणे ४५ मायक्रॉन चाळणीवर ओल्या चाळणीनंतर ३४ टक्क्यांहून जास्त राख उरू नये, आणि लॉस ऑन इग्निशन (जाळल्यावरची वजनघट) ५ टक्क्यांच्या आत हवा. न जळलेला कोळसा जास्त असला की तो ॲडमिक्श्चर (काँक्रीट प्रवाही करणारं रसायन) शोषून घेतो. स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) अर्ध्या तासात बसतो आणि दोष ॲडमिक्श्चरवर जातो. सगळा अभ्यास एकाच बल्करमधल्या (टँकरमधल्या) राखेवर करा. वीस-पंचवीस किलो एकदम घेऊन हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर जुलैत तिचे खडे होतात. आणि पीपीसीच्या गोणीत वरून राख घालू नका. पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख आधीच असते. नेमकी किती ते न पाहता आणखी घातली तर तुमचा ३० टक्क्यांचा मिक्स पन्नास टक्क्यांचा झालेला असेल.

स्लॅग

समुद्राकाठच्या पाया-कॉलमसाठी आजच्या घडीला आमचा कौल स्लॅगला. पेणजवळच्या डोलवीला स्टीलचा कारखाना आहे, त्यामुळे माल लांबून आणावा लागत नाही. क्लोराइड रोखण्यात ५०% स्लॅग ओपीसीच्या बराच पुढे असतो: छिद्रं बारीक होतात आणि स्लॅगमधलं ॲल्युमिना काही क्लोराइड बांधून ठेवतं. मुंबईची उष्ण हवाही त्याच्या पथ्यावर पडते. आयएस १६७१४:२०१८ प्रमाणे बारीकपणा किमान ३२० चौरस मीटर प्रति किलो आणि ॲक्टिव्हिटी इंडेक्स (नुसत्या ओपीसीच्या तुलनेत ताकद) ७ दिवसांना ६०%, २८ दिवसांना ७५% हवा. पुरवठादाराचं प्रमाणपत्र घ्याच, पण मॉर्टर क्यूब स्वतःही पाडा.

पहिल्यांदा काम करणारे एका गोष्टीला दचकतात. साचा उघडला की क्यूबच्या अंगावर निळसर-हिरवी झाक दिसते. २८ दिवसांनी फोडलेल्या क्यूबच्या पोटात तर गडद. हा स्लॅगमधल्या सल्फाइडचा रंग. हवा लागली की काही दिवसांत उडतो. त्यावरून नमुना बाद करू नका, उलट फोटो काढून ठेवा.

दुखणी खरी ती दोन. एक, सुरुवातीची ताकद. ॲल्युमिनियम शटरिंगवर आठवड्याला एक स्लॅब टाकणाऱ्या साइटला तिसऱ्या दिवसाचा आकडा हवा असतो आणि ५०% स्लॅग तिथे मागे पडतो. म्हणून ३ दिवसांचे क्यूब वगळू नका. दोन, आडोशाच्या भागात कार्बोनेशन. बाइंडरमध्ये चुना कमी उरतो, तो लवकर संपतो. हे दुसरं दुखणं एलसी३ लाही तसंच आहे.

एलसी३

नवं, आकर्षक आणि हातात घेतलं की चिकट. ढोबळ सूत्र असं: क्लिंकर ५०, भाजलेली माती ३०, चुनखडी १५, जिप्सम ५. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल आणि आपल्याकडच्या दिल्ली-मद्रास आयआयटींनी यावर मोठं काम केलंय. २०२३ पासून भारतीय मानक आयएस १८१८९ आहे, त्यामुळे ‘कोडमध्ये नाही’ ही सबब गेली. चांगल्या मातीचं असेल तर ७ दिवसांची ताकद ओपीसीच्या जवळपास जाते. इथे एलसी३ स्लॅगला मागे टाकतं.

तयार गोणी मिळाली तर घ्या. माती स्वतः भाजणार असाल तर गणित आधी करा. सिंधुदुर्गाची चिनी माती किंवा कोकणातल्या जांभ्याखालची माती डोळ्यापुढे असते. मातीत केओलिनाइट (भाजल्यावर सक्रिय होणारं खनिज) साधारण ४० टक्क्यांच्या वर हवं. टीजीए (तापवत वजन मोजणारं) मशीन नसेल तर ढोबळ अंदाज भट्टीवर निघतो: नमुना ४०० अंशांवर स्थिर वजनापर्यंत ठेवा, वजन करा, मग ६०० अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा वजन करा. शुद्ध केओलिनाइट या टप्प्यात १४% वजन गमावतं. तुमच्या नमुन्याची घट ६.३% आली तर केओलिनाइट सुमारे ४५%. शंभर अंशांपासूनची सगळी घट धरू नका. जांभ्यातली गिब्साइट आणि गोएथाइट आपलं पाणी ३०० अंशांच्या आसपासच सोडतात आणि आकडा फुगतो.

भाजणं ७५० ते ८०० अंशांवर, पातळ थरात, तासभर. जाड ढीग ठेवला तर मधली माती कच्ची राहते. तापमान ९०० च्या पुढे गेलं की नवे स्फटिक तयार होऊ लागतात आणि माती निष्क्रिय होते. एका मिक्सला ६९ लिटर काँक्रीट धरलं (हिशेब खाली आहे), तर एलसी३ लागेल २५.५ किलो आणि त्यात भाजलेली माती ७.७ किलो. मफल भट्टीत एका वेळी अर्धा किलो कच्ची माती बसते, आणि भाजताना वजन घटतं. म्हणजे सतरा खेपा, चाचणी-मिक्स सोडून. कॉलेजच्या भट्टीवर बाकीच्यांचाही नंबर असतो.

मातीचे पापुद्रे पाणी मागतात, म्हणून ॲडमिक्श्चरचा डोस वाढतो आणि स्लंप लवकर पडतो. तुर्भ्याहून निघालेला ट्रान्झिट मिक्सर पूर्व द्रुतगती मार्गावर अडकतो तेव्हा हाच प्रश्न जीवघेणा. आयएस ४९२६ ची मर्यादा भरल्यापासून दोन तास आहे. दर ३० मिनिटांनी १२० मिनिटांपर्यंत स्लंप मोजा. एवढंच नीट केलं तरी मुंबईच्या आरएमसीला उपयोगी प्रबंध होतो. जिप्सम कमी पडलं तर मिक्स मिनिटांत ताठरतं. तेव्हा पाणी ओतू नका, जिप्सम वाढवून पेस्टवर पाहा. लोहाच्या मातीने येणारी गुलाबी छटा हा दोष नाही.

कॅलेंडर

चार मिक्स, वयं ३, ७, २८, ५६, ९०, प्रत्येकी तीन क्यूब: ६० क्यूब, ३.३७५ लिटरचा एक, म्हणजे २०२.५ लिटर. शिवाय १००×२०० मिमीचे २४ सिलिंडर, ३८ लिटर. पंधरा टक्के नासधूस धरून पावणेतीनशे लिटर, मिक्समागे ६९.

क्लोराइडसाठी सगळे आरसीपीटीकडे (जलद क्लोराइड-प्रवेश चाचणीकडे) धावतात, कारण एएसटीएम सी१२०२ ची ती चाचणी ६ तासांत संपते: ६० व्होल्ट, ५० मिमी चकती, कूलंब मोजा. पण ती क्लोराइड मोजत नाही, वीज मोजते. राख आणि स्लॅग छिद्रांतल्या पाण्याची वाहकताच घटवतात, त्यामुळे कूलंब खऱ्या सुधारणेहून जास्त खाली येतात. सोबत एनटी बिल्ड ४४३ ही नॉर्डिक चाचणी ठेवा: लिटरला १६५ ग्रॅम मिठाच्या पाण्यात किमान ३५ दिवस, मग थराथराने घासून टायट्रेशन. आता दिवस मोजा. साहित्य आणि चाचणी-मिक्समध्ये ४२, क्युरिंग ९०, मिठात ३५, टायट्रेशन १०. झाले १७७. सहाव्या आठवड्याअखेर ओतकाम झालं नाही तर ५६ दिवसांच्या वयावर समाधान मानावं लागतं.

ओतकाम पावसाळ्यात येत असेल तर रोज सकाळी वाळूचा ओलावा काढा. ८०० किलो वाळूत ५% मोकळं पाणी न धरता सुटलं तर ४० लिटर वाढतात आणि ०.४२ चं प्रमाण ०.५३ होतं.

डेब्रिसची खडी

पुनर्विकासाच्या शहरात माल मुबलक, पण आयएस ३८३:२०१६ आरसीसीत ही खडी एम२५ पर्यंतच, तीही २०% मर्यादेत देते; समुद्रकाठी किमान ग्रेड एम३०. दोन कोड एकत्र ठेवले की मुंबईच्या किनारी आरसीसीचं दार बंद. पेव्हर ब्लॉक किंवा पीसीसीवर (बिनसळईच्या काँक्रीटवर) काम करा. बेसॉल्टच्या तुलनेत ही खडी कितीतरी जास्त पाणी पिते, म्हणून २४ तास भिजवून एसएसडीला आणा आणि प्लास्टर, जिप्सम, टाइल हाताने वेचा. आरसीसीचा हट्टच असेल तर मुलुंडसारख्या आतल्या भागातला एम२५ घ्या, आणि आधी खडीतलं आम्लात विरघळणारं क्लोराइड तपासा: सी-फेसवरची जुनी इमारत पाडली की तिचं मीठही खडीबरोबर येतं. मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे. ११८० किलोच्या २०%, म्हणजे २३६ किलो खडीत ०.१% क्लोराइड निघालं तर त्यातला ०.२४ किलो वाटा तिथेच संपला.