मीडियम शाफ्ट की स्टिफ? नवीन रॅकेट घेण्याआधी

बॅडमिंटनची रॅकेट बदलायची म्हटलं की बहुतेक जण आधी वजन बघतात, मग हेड हेवी की हेड लाइट (वजन हेडकडे की हँडलकडे) ते बघतात, मग रंग, आणि शाफ्टचं, म्हणजे हेड आणि हँडल जोडणाऱ्या दांडीचं, लेबल शेवटी कधीतरी. बघितलं तरी डोक्यात एकच गणित असतं, स्टिफ, म्हणजे ताठ शाफ्टची, ती प्रो लोकांची, प्रो लोकांची म्हणजे चांगली. त्यामुळे भारीतली एक्स्ट्रा स्टिफ रॅकेट हातात आणि टॉस (समोरच्याच्या मागच्या रेषेपर्यंत उंच पाठवायचं फूल, म्हणजे शटल) मात्र मधल्या कोर्टात पडतोय असे लोक कुठल्याही हॉलमध्ये दिसतात, आणि दोष बिचाऱ्या फुलाला नाहीतर तारा बसवणाऱ्या गटिंगवाल्याला.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्या, कोचिंग फारसं न घेतलेल्या माणसासाठी मीडियम. स्विंग खरंच फास्ट असेल आणि टायमिंग बसलेलं असेल तर स्टिफ. एक्स्ट्रा स्टिफ घ्यावी असे लोक फार कमी, आणि जे आहेत ते असले लेख वाचत बसत नाहीत.

आता हे का, ते बघू.

तुम्ही स्मॅश मारायला हात पुढे आणता तेव्हा ग्रिप आधी पुढे जाते, हेड मागे राहतं आणि मधला शाफ्ट मागच्या बाजूला वाकतो. मग मनगट आणि हाताचा वेग थोडा कमी होतो, शाफ्ट सरळ व्हायला लागतो आणि त्या सरळ होण्याच्या झटक्यात हेड हाताच्याही पुढे पळतं. नेमकं त्या क्षणी फूल तारांवर आलं तर तुम्हाला फुकटचा वेग मिळतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी वरच्या दर्जाच्या खेळाडूंच्या रॅकेटला स्ट्रेन गेज (वाकणं मोजणारे सेन्सर) लावून हे मोजलेलं आहे, त्यात दिसलं की चांगले खेळाडू शाफ्ट परत सरळ होत असतानाच फूल पकडतात. सगळा खेळ आहे तो टायमिंगचा, कारण फूल तारांना चिकटून असतं ते एक-दोन मिलिसेकंद, तेवढ्यात शाफ्ट फुलाला ढकलणार वगैरे काही नाही, शाफ्टने जे करायचं ते फूल लागायच्या आधीच करून झालेलं असतं. म्हणून "फ्लेक्सिबल शाफ्ट फूल फेकतो" असं जे दुकानात सांगतात ते अर्धंच खरं.

मऊ शाफ्ट जास्त वाकतो पण परत यायला वेळ घेतो. तुमचा स्विंग हळू असेल तर तो वेळेत परत येतो आणि तुम्हाला मदत करतो. स्विंग फास्ट असेल तर फूल येतं तेव्हा शाफ्ट अजून मागेच वाकलेला, रॅकेटचं तोंड वरच्या बाजूला उघडं, आणि स्मॅश सपाट होऊन सरळ बाहेर. स्टिफ शाफ्ट कमी वाकतो आणि पटकन परत येतो, त्यामुळे फास्ट हाताला तो बरोबर वेळेवर भेटतो, हळू हाताला मात्र तो वाकतच नाही, म्हणजे फुकटचा वेग शून्य, सगळी ताकद खांद्यातून काढायची. दुसऱ्या गेमनंतर खांदा बोलायला लागतो तो यामुळेच. अर्थात ग्रिपची जाडी आणि तारांचं टेन्शन यांचाही त्यात वाटा असतो, सगळं खापर शाफ्टवर नको.

प्रत्यक्ष रॅकेटी शेजारी शेजारी

योनेक्सचीच उदाहरणं घेतो कारण आपल्याकडे ती सगळ्यात जास्त दिसतात आणि एकाच घरातल्या रॅकेटी असल्यामुळे लेबलची तुलना तरी करता येते. दुसऱ्या कंपनीचं स्टिफ आणि यांचं स्टिफ हे एकच असेल असं अजिबात धरू नका, सगळ्या कंपन्यांना मिळून एक असं ठरलेलं माप नाही, ज्याची त्याची पट्टी वेगळी.

आर्कसेबर 7 प्रो आणि आर्कसेबर 11 प्रो. दोन्ही इव्हन बॅलन्स (वजन ना हेडकडे ना हँडलकडे), 7 ला मीडियम शाफ्ट, 11 ला स्टिफ. ज्यांना शाफ्टचा फरक म्हणजे काय ते हाताला समजून घ्यायचंय त्यांनी कुणाकडून तरी या दोन मागून खेळून बघाव्या, कारण हेडच्या वजनाचा गोंधळ इथे मधे येत नाही. 11 ने ड्रॉप आणि हाफ स्मॅश जिथे मारायचा तिथेच जातो, हातात एकदम नेमकी वाटते, पण थोडं उशिरा पोचलात आणि बॅकहँडवरून टॉस काढायचा असेल तर हात आखडतो. 7 ने तोच टॉस निघतो. मोबदल्यात जोरात ड्राइव्हची, म्हणजे सपाट फटक्यांची, देवाणघेवाण सुरू झाली की फूल दोन-चार इंच इकडेतिकडे जातं. डबल्समध्ये नेटजवळ उभं राहणाऱ्याला हे दोन-चार इंच छळतात, सिंगल्समध्ये मागून खेळणाऱ्याला तेवढं जाणवत नाही.

नॅनोफ्लेअर 700 आणि 800. दोन्ही हेड लाइट, 700 मीडियम, 800 स्टिफ. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, हेड हलकं असेल तर शाफ्टला मागे ओढायला वजनच कमी, म्हणून तोच ताठपणा हेड लाइट रॅकेटमध्ये अजून ताठ वाटतो. उलट हेड हेवी रॅकेटमध्ये डोकं जड असल्यामुळे स्टिफ शाफ्टसुद्धा थोडा वाकतो. म्हणजे 800 ही कागदावर "स्टिफ" असली तरी हळू हाताला ती एखाद्या हेड हेवी स्टिफपेक्षा कोरडी लागते. डिफेन्ससाठी आणि पटापट ब्लॉक करायला 800 झकास, वाद नाही. पण डिफेन्समधून फूल उचलून थेट मागे पाठवायचं असेल आणि मनगटात तेवढा जोर नसेल तर 700 घ्या, आणि मी तर म्हणेन डबल्स खेळणाऱ्या साध्या क्लब प्लेअरसाठी ती या दोघींत जास्त शहाणपणाची.

हेड हेवीमध्ये अ‍ॅस्ट्रॉक्स 77 प्रो मीडियम, 99 प्रो स्टिफ आणि 100 झेडझेड एक्स्ट्रा स्टिफ. अ‍ॅक्सेलसनच्या हातात 100 झेडझेड बघून पोरांनी ती घेतली, टोकियो ऑलिंपिकचं त्याचं सिंगल्स गोल्ड बघितल्यावर मोह होणारच, पण तो माणूस 1.94 मीटर उंच आहे आणि त्याच्या हाताचा वेग आपल्याकडे नाही. या रॅकेटचा शाफ्ट अगदी बारीक आणि तरीही अतिशय ताठ, त्यामुळे स्वीट स्पॉटवर, म्हणजे तारांवरच्या नेमक्या जागी, लागलं तर आवाजच वेगळा येतो आणि नाही लागलं तर रॅकेट तुम्हाला काहीही माफ करत नाही. 77 प्रो ने स्मॅशचा कोन थोडा कमी तीव्र येईल पण तिसऱ्या गेमलाही येईल, आणि मला वाटतं वीकेंडला खेळणाऱ्याला ते जास्त कामाचं.

आणि "स्मॅशसाठी हेड हेवीच पाहिजे" म्हणणाऱ्यांसाठी, आपल्या डबल्सवाल्या सात्विकसाईराजने 2023 मध्ये जपानमध्ये 565 किमी ताशी वेगाचा जो गिनेस रेकॉर्ड केला तो नॅनोफ्लेअर 1000 झेडने, म्हणजे हेड लाइट आणि एक्स्ट्रा स्टिफ. ती मॅच नव्हती, मोजणीसाठीच मारलेले स्मॅश होते, हे खरं. पण एवढ्या वेगाच्या हाताला ताठ शाफ्ट का जुळतो हे त्यातून कळतं.

बारीक शाफ्ट, जाड शाफ्ट, लांब शाफ्ट

इथे थोडं इंजिनिअरिंग आहे पण भाव का वाढतो ते इथेच कळतं, म्हणून वाचा. पोकळ नळी किती वाकते ते मुख्यतः तिच्या जाडीवर असतं आणि जाडी जरा कमी केली की ताठपणा एकदम घसरतो. 7 मिमीचा शाफ्ट 6.4 मिमी केला, भिंतीची जाडी तीच आणि कार्बन तोच ठेवला, तर ढोबळ हिशोबाने पाव ताठपणा गेला. तो परत आणायचा तर जास्त मॉड्युलसचा, म्हणजे मुळातच जास्त ताठ, कार्बन लागतो आणि तो महाग असतो. म्हणून बारीक आणि तरी स्टिफ असा शाफ्ट वरच्या किमतीत दिसतो, आणि स्वस्तातली स्टिफ रॅकेट बहुतेक वेळा थोडी जाड शाफ्टची असते. व्हिक्टर तर आपल्या स्पेसिफिकेशनमध्ये 6.8 शाफ्ट, 7.0 शाफ्ट असं सरळ लिहितं, हे मला आवडतं, गिऱ्हाइकाला निदान एक आकडा तरी मिळतो.

बारीक शाफ्टने हवा कमी अडते असं जाहिरातीत असतं. अडते कमी, पण हवा सगळ्यात जास्त अडवते ती हेडची फ्रेम, कारण वेगाने फिरते ती तीच, शाफ्टचा वाटा त्यामानाने छोटा. यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

लांबीचं तसंच. नियमाने रॅकेट 680 मिमीपेक्षा लांब असता कामा नये आणि आजकालच्या बऱ्याच रॅकेटी 675 च्या असतात, म्हणजे एकूण लांबी वाढवायला जागा नाही, मग कंपन्या हँडल आखूड करून शाफ्ट लांब ठेवतात किंवा उलट. शाफ्टचा उघडा भाग असतो साधारण वीस-बावीस सेंटिमीटर, त्यात एक सेंटिमीटर वाढला की वाकणं 10 ते 15 टक्क्यांनी वाढतं, बाकी सगळं तेच असलं तरी. त्यात हँडलच्या वरचा जो प्लास्टिकचा शंकूसारखा भाग असतो त्याचा आकारही बदलतात, अ‍ॅस्ट्रॉक्समध्ये एनर्जी बूस्ट कॅप म्हणून जे छापलेलं असतं ते हेच, शाफ्टला खालपासून वाकायला मोकळीक मिळावी म्हणून.

वाकणं एक आणि पिळणं दुसरं. फूल हेडच्या कडेला लागलं की रॅकेट हातात फिरल्यासारखी वाटते ना, ते पिळणं. कार्बनचे धागे शाफ्टच्या लांबीत सरळ घातले तर वाकायला अडवतात, 45 अंशात तिरके घातले तर पिळायला अडवतात. चांगल्या मीडियम रॅकेटमध्ये शाफ्ट वाकतो पण पिळत नाही, आणि स्वस्तातल्या मीडियममध्ये दोन्ही होतं. "मीडियम घेतली पण कंट्रोलच नाही" अशी तक्रार असते तिच्यामागे बऱ्याचदा हे पिळणं असतं, लेबलवर ते कुठेच लिहिलेलं नसतं.

अजून एक, स्वस्त रॅकेटवर 30टी, 40टी असं लिहिलेलं असतं ते कार्बनच्या ताठपणाचं माप आहे, तारांचं टेन्शन नाही. दुकानदार बिनधास्त "30 पर्यंत टेन्शन घेते" म्हणून तेच दाखवतात. टेन्शन पाउंडात वेगळं लिहिलेलं असतं, ते शोधा.

स्टीलच्या शाफ्टचं काय? जीआर 303 सारखी अ‍ॅल्युमिनियम हेड आणि स्टील शाफ्टची रॅकेट सोसायटीच्या आवारात, वाऱ्यात, संध्याकाळी खेळायला ठीक आहे, घरातली पोरं आपटतील, चालतं. स्टील तुटत नाही, कायमचं वाकतं. पण हॉलमध्ये जायला लागलात की तिचं वजन जाणवतं, आणि त्या दिवशी पूर्ण ग्रॅफाइटची साधी मीडियम रॅकेट घेतलीत तरी जो फरक पडेल तो मीडियम ते स्टिफ या फरकापेक्षा कितीतरी मोठा असेल.

घेताना कसं बघायचं

दुकानात हँडल एका हातात आणि हेड दुसऱ्या हातात धरून वाकवून बघतात, त्यातून एकट्या रॅकेटचं काही कळत नाही, दोन रॅकेटी पाठोपाठ वाकवल्या तर कुठली जास्त ताठ तेवढं कळतं. खरी परीक्षा कोर्टवर. कुणाची तरी स्टिफ रॅकेट घ्या, बेसलाइनवर उभे राहा आणि नेहमीच्याच हाताने, जोर न वाढवता, टॉस मारा. कोर्ट 13.4 मीटरचं आहे, फूल समोरच्या मागच्या दोन रेषांच्या मधे पडतंय आणि दहा-पंधरा टॉसनंतरही पडतंय, तर स्टिफ तुम्हाला चालेल. सुरुवातीचे पोचले आणि नंतरचे आखूड पडायला लागले तर मीडियम घ्या, लाज कसली. उलट मीडियमवर तुमचे स्मॅश सारखे लांब जात असतील, टायमिंग बरोबर असूनही, तर स्टिफकडे जायची वेळ झाली. हे करताना फूलही तेच ठेवा, कारण मॅव्हिस 350 सारख्या नायलॉनच्या फुलाने केलेली टेस्ट आणि पिसाच्या फुलाने केलेली टेस्ट यांची तुलना होत नाही.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी स्टिफ नको, कोचने स्वतः सांगितल्याशिवाय तर नकोच.

आणि ज्यांनी स्टिफ आधीच घेऊन ठेवलीय आणि आता पस्तावताहेत त्यांनी लगेच निम्म्या भावात विकू नका. 27-28 पाउंडवर गटिंग केलेलं असेल तर तार कापून 22-23 वर करून घ्या, बीजी 65 सारखी 0.70 मिमीची जाड तार असेल तर 0.66-0.68 ची टाका, ग्रिपवर दोन-तीन ओव्हरग्रिप चढवले असतील तर एक ठेवा म्हणजे बोटं मोकळी होऊन रॅकेट फिरवता येईल. शाफ्ट तोच राहील, पण तारांकडून उसळी मिळेल आणि टॉस थोडा मागे जायला लागेल. महिनाभर खेळून बघा, तरीही खांदा कुरकुरत असेल तर मग खुशाल विका.