आठ महिने डिजिटल पेन: सगळं अडतं ते काळ्या रंगापाशी

कागदावर शाईने काढलेली रेघ छोट्या कॅमेऱ्याने टिपून स्क्रीनवर, फाइलमध्ये पोचवणारा डिजिटल पेन आठ महिने वापरतोय. रिफिल बदलली आणि तो ‘बिघडला’. कागदावरून उचलला तरी रेघ थांबेना. चित्रातला डोळा काढून नाकाकडे जाताना टोक दोन मिलिमीटर वरून सरकलं, तर ती वाटसुद्धा स्क्रीनवर हजर. सर्व्हिस सेंटरने पेन न बघताच फोनवर निकाल दिला: प्रेशर सेन्सर गेला, हे मॉडेल उघडत नाही, नवा घ्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष पेनात नव्हताच. अर्ध्या मिलिमीटरचा मामला होता.

या पेनांत बहुधा डी-वन मापाची रिफिल बसते. चार रंगांच्या पेनात असते तीच बारकी नळी, ६७ मिमी लांब आणि २.३५ मिमी जाड. तिचं मागचं टोक आत थेट सेन्सरवर टेकतं. स्टेशनरीच्या दुकानातल्या स्वस्त पाकिटातली रिफिल व्हर्नियरवर ६७.६ भरली. म्हणजे पेन टेबलावर आडवा पडलेला असतानाही सेन्सरच्या हिशेबाने कागदावर टेकलेलाच! उपाय फुकटचा आहे. रिफिलची निब खाली धरायची, मागचं उघडं टोक ४००च्या पॉलिश पेपरवर हलक्या हाताने गोल गोल घासायचं, चार-पाच फेऱ्या झाल्या की मोजायचं. कीस पुसून घ्यायचा, नाहीतर तोच आत जाऊन बसतो. घासण्याच्या भरात ६६.५च्या खाली गेलात तर उलटा त्रास: हलक्या रेघा कागदावर दिसतात, फाइलमध्ये नसतात.

हे लिहितोय ते कॅमेऱ्याच्या पेनाबद्दल, वही पॅडवर ठेवून काढायच्या प्रकाराबद्दल नाही. पॅडवाल्यांना कागद कुठलाही चालतो, पण कागद सरकला की चित्र फाटतं आणि स्पायरल वहीची तार जवळ आली की रेघ वाकते. वॅकॉम कंपनीचा इंकलिंग पेन, २०११चा, अल्ट्रासाउंड आणि इन्फ्रारेडवर चालायचा. कागदाच्या कडेला रिसीव्हरची क्लिप लावायची आणि पेन व क्लिप यांच्या मध्ये बोट येऊ द्यायचं नाही. कॅमेऱ्याच्या पेनाला ही दुखणी नाहीत. वही उलटी धरा, मांडीवर घ्या, पान मधेच उचलून पुन्हा ठेवा, रेघ जागेवरच पडते. कारण जागा कागदावरच लिहिलेली असते.

आता खरा विषय. स्वीडनच्या अनोटो कंपनीच्या पद्धतीत कागदावर दर ०.३ मिमीवर एक ठिपका असतो, आणि प्रत्येक ठिपका आपल्या ठरल्या जागेपासून वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे जेमतेम ०.०५ मिमी सरकवलेला असतो. सहा गुणिले सहा ठिपके दिसले की पेनाला कळतं, आपण कुठल्या पानावर कुठे आहोत. कॅमेरा बघतो इन्फ्रारेडमध्ये. त्या प्रकाशात कार्बन, म्हणजे साधी काजळी, काळी दिसते, आणि बॉलपेनची बहुतेक डाय-शाई (विरघळलेल्या रंगाची) दिसतच नाही. म्हणून पेन स्वतःच्याच रेघांवरून पुन्हा पुन्हा जाऊ शकतो. ठिपक्यांत काजळी हवी आणि पानावर दुसरीकडे कुठेही ती नको, एवढं एक वाक्य पेनाच्या कंपनीच्या ४० पानी पुस्तिकेत कुठेही नाही. या वाक्यावाचून पहिले तीन महिने वाया गेले.

उदाहरणार्थ, पेन्सिल. कुठलाही चित्रकार आधी पेन्सिलने कच्चं काढतो आणि मग शाई फिरवतो. ग्राफाइट म्हणजे कार्बनच. एचबीने हलकं काढलं तर निभावतं, पण टूबीने सावली भरली की त्या पट्ट्यात ठिपके झाकले जातात आणि शाईची रेघ तुटक येते. खोडरबराने खोडलं तरी राखाडी पुसट थर राहतो, आणि जोरात खोडलं तर टोनरचे, म्हणजे लेझर प्रिंटरच्या काळ्या पुडीचे, ठिपकेच उडतात. कच्चं काम निळ्या किंवा लाल रंगीत पेन्सिलने करा. तसाही पेन फक्त स्वतःची हालचाल टिपतो, त्यामुळे कच्च्या रेघा फाइलमध्ये येण्याचा प्रश्न नाही. दिवाळी अंकाच्या रेखाटनांसाठी हा मोठाच फायदा: स्कॅन करून पेन्सिल पुसत बसणं वाचतं.

काळी जेल रिफिल हा दुसरा सापळा. रंग गडद, रेघ सुंदर, पण बऱ्याच काळ्या जेलमध्ये कार्बनचं पिगमेंट असतं. पहिली रेघ नीट येते, तिच्यावर हॅचिंग (जवळजवळ रेघा मारून सावली) केलं की पेन आंधळा. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे घरचा किंवा सोसायटीचा सीसीटीव्ही. पांढऱ्या कागदावर चार रिफिलींनी जाड पट्टे काढा, खोलीत अंधार करा, कॅमेरा रात्रीच्या मोडवर गेला की कागद त्याच्यासमोर धरा. जो पट्टा गायब होतो ती रिफिल चालते. काळाच राहिला तर नाही चालत. बाजारातल्या बहुतेक साध्या निळ्या बॉलपेनच्या रिफिली पास होतात.

कागदाबद्दल मत दोनदा बदललं. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं की पेन फक्त आमिष आहे, धंदा ठिपक्यांच्या वह्यांचा आहे. एका स्केचसाठी पाच पानं फाडणाऱ्या माणसाला त्या वह्या परवडत नाहीत. मग कळलं की या पेनासाठी ठिपक्यांच्या पानांची पीडीएफ मिळते आणि ती घरी छापता येते. सगळ्या कंपन्या देत नाहीत, पेन घेण्याआधी तेवढं विचारून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात २ रुपये पान, म्हणजे प्रश्न मिटला असं वाटलं. नाही मिटला.

०.०५ मिमी म्हणजे किती? ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० बिंदू) लेझर प्रिंटरचा एक बिंदू ०.०४२ मिमीचा असतो. म्हणजे सगळी भाषा एका बिंदूच्या सरकण्यात. दुकानदाराने सवयीने ‘फिट टू पेज’ ठेवलं, पान ९७ टक्के झालं, की संपलं. त्यामुळे हट्टाने उभं राहून सांगायचं: अ‍ॅक्चुअल साइझ, १०० टक्के, टोनर सेव्ह बंद, आणि कलर मशीन असेल तर फक्त काळा टोनर. तिन्ही रंग मिसळून काळा केला तर डोळ्याला फरक कळत नाही, पण त्यात कार्बन नसतो आणि पेनाला पान कोरं दिसतं. इंकजेटवर शाई कागदात पसरून ठिपके एकमेकांत मिसळतात. आणि एक पान छापून त्याचे पन्नास झेरॉक्स, हे तर मुळीच नाही. एक म्हणजे ठिपके फुगतात. दुसरं, समजा एखादी चांगली कॉपी निघालीच, तर पन्नासही कागदांचा पत्ता एकच. सोमवारचा घोडा आणि मंगळवारची आजी फाइलमध्ये एकमेकांच्या अंगावर बसतात. पीडीएफमधलं प्रत्येक पान वेगळं असतं, ते तसंच छापायचं. सगळी पानं संपली की अ‍ॅपमध्ये वही अर्काइव्ह करायची, मग तोच संच पुन्हा छापता येतो.

एवढं जमलं आणि मत दुसऱ्यांदा बदललं. कारण आता कागद आपल्या पसंतीचा! कंपनीच्या वहीचा कागद पातळ, मागची रेघ पुढे दिसते. १३० जीएसएमचा कार्ट्रिज कागद (चित्रकलेचा जाड कागद) प्रिंटरच्या बायपास ट्रेमधून, एकेक पान घालायच्या ट्रेमधून, घातला तर ठिपके स्वच्छ बसतात. फार खरखरीत कागदावर मात्र टोनर खड्ड्यांत पोचत नाही, आणि चकचकीत आर्ट पेपरवर कॅमेऱ्याला स्वतःच्याच दिव्याची तिरीप दिसते.

पेनाच्या वेगाला मर्यादा आहे. कॅमेरा सेकंदाला शंभर-सव्वाशे फोटो घेतो असं धरा. हात सेकंदाला ६० सेंमी फिरला तर दोन फोटोंत पाच मिमी अंतर पडतं. म्हणून झटक्यात काढलेला साडीचा पदर कागदावर लहरतो आणि फाइलमध्ये कोपऱ्याकोपऱ्यांचा येतो. लांब वळणं थोडी सावकाश काढा. टोकाजवळ धरू नका, बोट कॅमेऱ्यावर येतं, आणि अंगणात कडक उन्हात बसू नका, सूर्यातही इन्फ्रारेड भरपूर.

कॉम्प्युटरवर आल्यावर एसव्हीजी (रेघा रेघा म्हणूनच राहतात अशी फाइल) घ्यायची का पीएनजी (साधं चित्र), हे कामावर ठरवा. माझ्या पेनाच्या एसव्हीजीमध्ये दाबाप्रमाणे बदलणारी जाडी येत नाही, सगळ्या रेघा एकाच जाडीच्या सुतळीसारख्या. पीएनजीत जाडी येते. लोगो, अक्षरं किंवा वारलीसारखं सपाट रेघांचं काम असेल तर एसव्हीजी इंकस्केप या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, सगळं निवडा, कंट्रोल-एल (रेघ सोपी करणारी कळ) एकदा. नोड्स, म्हणजे रेघेला वळण देणारे बिंदू, निम्म्याहून कमी होतात. पुन्हा दाबायचा मोह होतो, तो आवरा, दुसऱ्या खेपेला नाकं गोल व्हायला लागतात. एखादाच कोपरा खटकत असेल तर तो नोड धरून हाताने गुळगुळीत करा. रंग भरायचा तर आधी फटी शोधा. बॉलपेन सुरुवातीला अर्धा मिलिमीटर सुकं चालतं, त्यामुळे कागदावर फट आणि फाइलमध्ये रेघ पूर्ण असंही होतं, आणि तुम्ही ती फट भरायला दुसरी रेघ काढली की फाइलमध्ये जाड गाठ. हे अजून सुटलेलं नाही. सध्या प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला वेगळ्या साध्या कागदावर पेन घासून घेतो. ठिपक्यांच्या पानावर घासलं तर तेही इमानेइतबारे सेव्ह होतं.

रिफिल संपते पटकन. एवढ्याशा नळीत शाई ती किती, दाट हॅचिंगची पंधरा-वीस पानं झाली की खडखडाट. काढताना चिमट्याने निबच्या मागे धरा, निबवर नाही. आणि संपलेली मूळ रिफिल टाकू नका, नवी घासताना लांबी तिच्याशीच लावून बघायची असते.