बारावीनंतर पाच वर्षे की पदवीनंतर तीन?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसू लागलं आणि वकिलीची चौकशी घरोघरी सुरू झाली. बारावी झालेल्यांना पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, पदवीधरांना तीन वर्षांचं एलएलबी. दोन्हीकडे खुल्या गटाला आधीच्या परीक्षेत ४५ टक्के हवेत, आणि एमएचटी नव्हे, लॉ सीईटी द्यावी लागते.

वकील व्हायचं पक्कं असेल तर पाच वर्षांचा मार्ग मला उजवा वाटतो, एक वर्ष वाचतं. पण सतराव्या वर्षी किती जणांचं पक्कं असतं? बीकॉम करून आलेली मुलं कराच्या खटल्यांत पटकन रुळतात.

सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, बाबतीत मात्र फरक शून्य. राज्य बार कौन्सिलकडे (वकिलांच्या नियामक संस्थेकडे) नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानुसार नोंदणी शुल्क खुल्या गटाला ७५० रुपयेच.

म्हणून प्रवेशाआधी कॉलेजला एकच कागद मागा: तुमच्या अभ्यासक्रमाला, तुमच्या तुकडीच्या वर्षासाठी, बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता. नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) श्रेणी म्हणजे ही मान्यता नव्हे. कागद दाखवायला टाळाटाळ झाली, तर फी भरू नका.