मूळ मापाचा टायर की त्याहून मोठा?

टायरच्या कडेवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असते. त्यात १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ हे कडेच्या उंचीचे रुंदीशी असलेले टक्केवारीतले प्रमाण आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास होय. या हिशेबाने चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर भरतो. त्याच रिमवर २०५/६५ चढवला, तर तो ६४८ च्या आसपास, म्हणजे साधारण ४ टक्के वाढतो.

गाडीचे गिअर मूळ व्यास धरूनच ठरवलेले असल्यामुळे मोठ्या चाकातून रस्त्यावर तेवढाच जोर पोहोचवायला इंजिनाला अधिक ओढावे लागते, आणि चढावर किंवा सिग्नलवरून निघताना हे लगेच जाणवते. इथे मूळ टायर निर्विवाद सरस. सलग वेगात मोठ्या चाकामुळे इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात खरे, पण रुंद टायरचे वाढलेले वजन आणि हवेचा विरोध तो फायदा बहुधा खाऊन टाकतात.

मायलेज मोजताना तर एक गंमतच होते: मूळ टायरवर वेगाचा काटा अचूक होता असे धरले, तर आता तो १०० दाखवत असताना गाडी १०४ ने धावत असते आणि अंतरही कमी नोंदले जाते, त्यामुळे हा फरक हिशेबात न धरता काढलेले मायलेज प्रत्यक्षापेक्षा वाईट दिसते.

मोठ्या टायरने गाडी सुमारे १३ मिलिमीटर उचलली जाते, खड्डेही जरा सुसह्य होतात. मात्र स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या बाजूला घासत नाही ना, हे आधी पाहावे.