ला मांगा क्लब (मुर्सिया, स्पेन): आठ महिन्यांत तीन ट्रिप, तीन गोल्फ कोर्स, आणि प्लॅनिंगमध्ये काय चुकलं काय जमलं

आम्ही फ्रँकफर्टजवळ राहतो. गोल्फ खेळायला लागून मला पाच वर्षं झाली, हँडिकॅप सध्या 22 (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला), बायकोनं दोन वर्षांपूर्वी प्लात्सरायफ, म्हणजे जर्मनीत कोर्सवर खेळायला लागणारी परीक्षा, पास केली, तिचा 41. गेल्या नोव्हेंबरपासून या जूनपर्यंत आम्ही ला मांगा क्लबला तीनदा जाऊन आलो, एकूण पंधरा राउंड झाले, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही असं वाटलं. एका ट्रिपवर लिहिलं असतं तर चुकीचं लिहिलं असतं, कारण पहिल्या ट्रिपनंतर माझं मत फार वाईट होतं आणि तो दोष त्या जागेचा नव्हताच, प्लॅनचा होता.

आधी एक गोष्ट, बुकिंग करताना बऱ्याच जणांची फसगत होते. ला मांगा म्हणून जी प्रसिद्ध आहे ती वीसेक किलोमीटर लांब वाळूची चिंचोळी पट्टी, एका बाजूला भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूला मार मेनोर नावाचं खाऱ्या पाण्याचं सरोवर. गोल्फ रिसॉर्ट त्या पट्टीवर नाहीये! ते आत टेकड्यांमध्ये, लोस बेलोनेस नावाच्या गावाला लागून आहे. पट्टीवरचं हॉटेल स्वस्त दिसतं म्हणून घेतलं तर रोज सकाळी बॅगा गाडीत टाकून निघायचं, आणि आठची टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) असेल तर नाश्त्यावर पाणी सोडायचं. विमानतळ दोन, मुर्सियाचा कोर्वेरा (2019 मध्ये सुरू झालेला) अर्ध्या-पाऊण तासावर आणि आलिकांते सव्वा तासावर. आम्ही तिन्ही वेळा आलिकांतेलाच उतरलो कारण फ्लाइट्स तिथल्या जास्त, पुढे भाड्याची गाडी. गाडी घेताना डिकी बघून घ्या, दोन गोल्फ ट्रॅव्हल कव्हर आणि दोन सूटकेस छोट्या गाडीत बसत नाहीत, आम्ही मागची सीट पाडून एक बॅग मधून सरकवली होती.

आता मुद्दा. इथे 18 होलचे तीन कोर्स आहेत आणि तिन्ही एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की एकाच रिसॉर्टचे वाटत नाहीत. आपण सगळे काय विचारतो, पॅकेजमध्ये किती राउंड? मी पण तेच विचारलं. विचारायला पाहिजे होतं की कुठला कोर्स कुठल्या दिवशी.

साउथ हा मोठा कोर्स, नावाजलेला. रिसॉर्ट 1972 चं, आणि 1973 ते 1977 सलग पाच वर्षं स्पॅनिश ओपन इथे झाली, त्यातली 1975 ची आर्नल्ड पामरनं जिंकली आणि पुढे 1992 मध्ये साउथचं नवं डिझाइनही त्यानंच केलं. फेअरवे, म्हणजे बॉल मारायच्या गवताच्या पट्ट्या, रुंद आहेत त्यामुळे पहिल्या टीवर (जिथून सुरुवात करतात तिथे) उभं राहिलं की छातीवरचं ओझं उतरतं, पण लांबी आहे, पाणी आहे, बंकर (वाळूचे खड्डे) नेमके तिथेच जिथे टीवरून मारलेला चांगला शॉट पडतो, आणि वारा. वाऱ्याबद्दल खरंच गांभीर्यानं सांगतोय. पूर्वेकडून समुद्रावरून येणारा तो लेवान्ते, तो असला की 150 मीटरच्या शॉटला नेहमीपेक्षा दोन नंबर लांब मारणारा क्लब (गोल्फची काठी) घ्यावा लागतो.

नॉर्थ लांबीला कमी, ताडामाडाची झाडं, आणि मधेमधे कोरड्या ओढ्यांच्या घळी आडव्या येतात, त्यांना तिथे बारांका म्हणतात. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) बॅगेत राहिला तरी चालतं, किंबहुना राहिलेलाच बरा, कारण 200 मीटरवर घळ आहे आणि आपण 205 मारतो. बायकोला हा कोर्स सगळ्यात आवडला. छोटे शॉट, डोकं वापरायचं, घळीच्या अलीकडे बॉल ठेवायचा आणि मग वेजनं (बॉल उंच उडवायच्या क्लबनं) पलीकडे टाकायचा.

वेस्ट मात्र वेगळंच प्रकरण. डेव्ह थॉमसचं डिझाइन, पाइनच्या झाडीत, चढउतार भरपूर, पहिले नऊ होल तर इतके अरुंद की झाडांच्या मधल्या बोळातून मारल्यासारखं वाटतं. तिथे बॉल किती गेले ते मी मोजायचं सोडून दिलं, पण सकाळी साडेआठला त्या झाडीत जो वास येतो, उन्हानं तापायला लागलेल्या पाइनच्या काड्यांचा, त्यासाठी मी परत परत जाईन. इथे बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) घ्याच. आम्ही पहिल्यांदा पैसे वाचवायला ट्रॉली ओढत गेलो, चौदाव्या होलपर्यंत पोटऱ्यांची वाट लागली आणि पुढचा दिवस वाया गेला. पुण्यात खेळणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा. तिकडे कॅडी बॅग उचलतो, अंतर सांगतो, होलकडे बॉल कुठून ढकलायचा ते दाखवतो, झाडीत गेलेला बॉल शोधून आणतो. इथे ते सगळं तुम्ही स्वतः, त्यामुळे रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) आणि जास्तीचे बॉल घेऊन जा.

तर नोव्हेंबरची पहिली ट्रिप. ऑफिसमधले तिघं मित्र आणि मी, एका बुकिंग साइटवरून पॅकेज घेतलं, चार दिवसांत पाच राउंड. उतरल्या उतरल्या दुपारी वेस्ट, दुसऱ्या दिवशी सकाळी साउथ आणि दुपारी परत साउथ, नॉर्थ कुठे आहे म्हणून विचारलं तर पॅकेजमध्ये दोनच कोर्स आहेत असं उत्तर आलं, आणि ते बुकिंगच्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरात होतं. नोव्हेंबरात तिथे सहाच्या आत अंधार पडतो, आमची टी टाइम दीडची, पुढच्या ग्रुपनं वेळ घेतला, शेवटचे दोन होल खेळताच आले नाहीत. चौघं चिडून परत आलो. मला वाईट याचं वाटलं की मित्रांना आग्रह करून मी नेलं होतं.

फेब्रुवारीत बायको आणि मी दोघंच गेलो, तेव्हा मी पॅकेज न घेता रिसॉर्टला थेट मेल केला, तीन प्रश्न विचारले. ग्रीन्सचं (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचं) एरेशन, म्हणजे हवा खेळावी म्हणून भोकं पाडायचं काम, कधी आहे, त्या आठवड्यात स्पर्धेसाठी कुठला कोर्स बंद आहे का, आणि हँडिकॅप सर्टिफिकेट लागेल का. हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. एरेशन झालेल्या ग्रीनवर पूर्ण ग्रीन फी देऊन पटिंग करण्यात काही अर्थ नाही. शरद ऋतूचंही बघा, दक्षिण स्पेनमध्ये बऱ्याच कोर्सवर बर्म्युडा गवत असतं, ते थंडीत पिवळं पडतं म्हणून त्यावर राय गवताचं बी टाकतात, त्या दिवसांत पाणी जास्त मारतात आणि बग्गी रस्त्यावरच ठेवायला सांगतात.

मग क्रम असा लावला. उतरलो त्या दिवशी काहीच नाही, फक्त रेंजवर (सरावाच्या जागी) अर्धा तास आणि पटिंग. दुसऱ्या दिवशी नॉर्थ. तिसऱ्या दिवशी वेस्ट बग्गीनं. चौथा दिवस सुट्टी. पाचव्या दिवशी साउथ, सहाव्या दिवशी परत साउथ. साउथ दोनदा का, तर वारा. एक दिवस वाऱ्यात गेला तरी दुसरा मिळतो, आणि पहिल्या दिवशी कळलेलं दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतं. नोव्हेंबरात साउथवर माझे स्टेबलफोर्डचे (जास्त पॉइंट म्हणजे चांगला खेळ) 24 पॉइंट होते, फेब्रुवारीत 29 आणि 33. हात तेच, क्लब तेच. नॉर्थवर जपून मारायची सवय लागली, वेस्टवर सरळ मारायची, आणि मग साउथचे रुंद फेअरवे खरोखर रुंद वाटले. जूनमध्ये सहा राउंड केले, क्रम तोच ठेवला, फक्त टी टाइम सगळ्या आठच्या आत घेतल्या कारण अकरानंतर ऊन सोसत नाही.

सुट्टीच्या दिवशी कार्ताखेनाला जा, अर्ध्या तासावर आहे, गावाच्या मधोमध रोमन थिएटर आहे जे 1988 मध्ये सापडलं, तोवर वरती वस्तीच होती. तिथे आसियातिको कॉफी मिळते, कंडेन्स्ड मिल्क, दालचिनी आणि तिथलीच लिकर. ज्यांना मासे चालतात त्यांनी काल्देरो खा, माशाच्या रश्श्यात शिजवलेला भात. आणि मुर्सियाचा पापाराखोते! लिंबाचं पान पिठात बुडवून तळतात, वर साखर-दालचिनी. बायकोनं बघताक्षणी ओव्याच्या पानाची भजी म्हणून अख्खं तोंडात घातलं, वेटर धावत आला, पान खायचं नसतं, ते बाहेर ओढून काढायचं आणि फक्त वरचं आवरण खायचं.

एक गोष्ट मनाला लागते ती पण लिहितो. मुर्सियात वर्षाला साधारण 300 मिलिमीटर पाऊस, म्हणजे आमच्या माण-खटावपेक्षाही कमी. मी त्या भागात वाढलोय, उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलीय, त्यामुळे एवढं हिरवं गवत बघून पहिल्या दिवशी घशाशी काहीतरी अडकलं. शेजारच्या मार मेनोरची तर शेतांतून वाहून येणाऱ्या नायट्रेट्सनी फार वाईट अवस्था झालीय, 2021 मध्ये मेलेल्या माशांचा किनाऱ्यावर खच पडला होता, आणि 2022 मध्ये स्पेननं कायदा करून त्या सरोवराला व्यक्तीसारखे हक्क दिले. जाल तेव्हा एक संध्याकाळ तिथे घालवा.

भाड्याच्या क्लबबद्दल विचारणारे असतील त्यांच्यासाठी: स्वतःचे न्या. एअरलाइनला स्पोर्ट्स बॅगेज तिकिटाबरोबरच बुक करा, ऐनवेळी काउंटरवर महाग पडतं, आणि ड्रायव्हरचं हेड काढून कपड्यांत गुंडाळा. पुढची ट्रिप फेब्रुवारीत ठरलीय, नोव्हेंबरचे तिघंही येतायत, या वेळी पहिल्या दिवशी नॉर्थ, टी टाइम 9:10.