मायक्रोफायबर अडवणारी वॉशिंग बॅग: निम्मंच काम करते, तरी घ्या

पॉलिस्टर, नायलॉन, अ‍ॅक्रिलिकचे कपडे मशीनला लावले की त्यांचे बारीक प्लास्टिकचे तंतू (मायक्रोफायबर) सुटतात आणि पाण्याबरोबर गटारात, तिथून नदीत, समुद्रात जातात. ते अडवायला ही बारीक जाळीची बॅग. कपडे आत टाकायचे, चेन लावायची आणि अख्खी बॅग मशीनमध्ये, बस.

काम करते का? करते. काही धुणी झाली की आतल्या शिवणीपाशी, कोपऱ्यात राखाडी लव जमलेली दिसते, फ्लीसचं जॅकेट असलं की जरा जास्तच. सुरुवातीला काही दिसलं नाही म्हणून लगेच फेल ठरवू नका, तंतू इतके बारीक असतात की साठल्याशिवाय डोळ्याला दिसतच नाहीत.

पण सगळे अडवते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. प्लिमथ युनिव्हर्सिटीने २०२० मध्ये अशी सहा साधनं तपासली, त्यात गप्पीफ्रेंड नावाच्या अशाच बॅगेने साधारण ५४ टक्के तंतू अडवले, कपड्यांसोबत टाकायच्या कोरा बॉलने ३१ आणि एक्सफिल्ट्रा या फिल्टरने ७८. म्हणजे बॅगेतून जवळपास निम्मे निसटतातच. मला तरी हे निम्मंसुद्धा खूप वाटतं, कारण त्याच युनिव्हर्सिटीच्या २०१६ च्या अभ्यासात ६ किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात असा हिशोब निघाला होता. एका धुण्यातून! आणि हा प्रश्न फक्त माशांचा नाही हो, २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांना २२ पैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक सापडलं, त्यात पीईटी होतं, म्हणजे बाटल्यांचं असतं तेच, आणि पॉलिस्टरचं कापडही त्याचंच बनतं. ते नेमकं कपड्यातूनच गेलं असं कोणी म्हणत नाहीये, पण आपल्या हातात आहे तेवढं तरी अडवावं की नाही?

आता त्रासाचं. माझ्या बॅगेची चेन फार कडक आहे, ओल्या हाताने तर सरकतच नाही. चादर, ब्लँकेट विसरा. बॅग ठासून भरली तर कपडे नीट स्वच्छ निघत नाहीत, थोडी रिकामी ठेवावीच लागते, त्यामुळे धुणं जास्त वेळा लावावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅग नळाखाली धुऊ नका!! अडवलेलं सगळं परत गटारातच जाईल. वाळू द्या, लव बोटाने गोळा करा आणि कचऱ्यात टाका. आणि बॅग आहे म्हणून नाजूक कपड्यांची सायकल लावत बसू नका, तिच्यात पाणी जास्त लागतं आणि न्यूकॅसल युनिव्हर्सिटीच्या २०१९ च्या प्रयोगात जास्त पाण्यामुळे तंतूही जास्त सुटले होते. थंड पाणी आणि छोटी सायकल पुरते.

घरात जिमचे कपडे, फ्लीस, लेगिंग्ज असतील तर नक्की घ्या. मशीनला बाहेरून फिल्टर बसवायची सोय असेल तर मात्र आधी फिल्टरच बघा. ५ पैकी ४ स्टार, एक चेनसाठी कापला.